कॉलेज कुठलं, यापेक्षा कॉलेजात काय केलं?

बारावीचा निकाल लागला की हिंगोली जिल्ह्यातल्या जवळा बाजार गावातल्या घरांमध्ये दोन प्रकारचे हिशेब सुरू होतात. ज्यांच्या हाताशी थोडा पैसा आहे, ते लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्यातल्या खोलीभाड्याची आणि मेसची चौकशी करतात. बाकीची मुलं बीए, बीकॉम, बीएस्सीला जवळपासच प्रवेश घेतात. कुणी औंढ्याला, कुणी वसमतला, कुणी हिंगोली नाहीतर परभणीला. या दुसऱ्या घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘‘आता इथंच टाकलंय पोराला, नशिबात असंल ते होईल.’’

या वाक्यानं जेवढं नुकसान केलं, तेवढं कुठल्याच अवघड पेपरानं केलेलं नाही. कारण ‘इथंच’ म्हटलं की मुलगाही कॉलेज मनावर घेत नाही. प्रवेश घ्यायचा, परीक्षेचा फॉर्म भरायचा, पेपर द्यायचे आणि मधले महिने अभ्यासिकेत, शेतात किंवा चौकात काढायचे, असं तीन वर्षं चालतं. हातात पदवी येते. पण पहिल्या मुलाखतीत ‘‘स्वतःबद्दल सांगा’’ म्हटल्यावर नाव, गाव आणि टक्केवारी यांच्यापुढे सांगायला काही नसतं.

अमेरिकेत गॅलप ही पाहणी करणारी संस्था आणि पर्ड्यू विद्यापीठ यांनी २०१४ साली तीस हजारांहून अधिक पदवीधरांना त्यांच्या कामाबद्दल आणि आयुष्याबद्दल प्रश्न विचारले. मोठं विद्यापीठ की छोटं, सरकारी की खासगी, प्रवेशाला अवघड की सोपं, याचा पुढच्या समाधानाशी फार थोडा संबंध दिसला. फरक दिसला तो वेगळ्याच गोष्टींमुळे : मनापासून विचारपूस करणारा आणि पाठीशी उभा राहणारा शिक्षक मिळाला का, एखादा प्रकल्प एक सत्र किंवा त्याहून जास्त काळ केला का, शिकलेलं प्रत्यक्ष कामात वापरायची संधी मिळाली का, आणि विद्यार्थी कॉलेजच्या उपक्रमांत खरोखर बुडालेला होता का. हे सगळं ज्यांच्या वाट्याला आलं, असे पदवीधर तिथंही जेमतेम तीन टक्के निघाले. अर्थात, उत्साही मुलं मुळातच उपक्रमांकडे ओढली जातात, त्यामुळे सगळं श्रेय उपक्रमांना देता येणार नाही. तरी एवढं नक्की, की ज्या गोष्टींनी फरक पडला, त्यातल्या बहुतेक छोट्या गावातल्या कॉलेजातही मिळू शकतात. शिक्षकानं विद्यार्थ्याला नावानिशी ओळखणं तर इथंच जास्त सोपं आहे.

आता राष्ट्रीय सेवा योजनेचं, म्हणजे मुलांच्या तोंडी असलेल्या ‘एनएसएस’चं उदाहरण घेऊ. ही योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. आज ग्रामीण भागातल्या बहुतेक पदवी महाविद्यालयांत तिचं एकक आहे. दोन वर्षांत २४० तास काम आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर, एवढी तिची अट. पालकांच्या डोळ्यांसमोर मात्र हातात खराटा घेतलेल्या मुलांचा फोटो येतो आणि ते विचारतात, ‘‘झाडायलाच शिकायचं होतं, तर घरचं अंगण काय कमी होतं?’’

त्या सात दिवसांत होतं काय, हे बारकाईनं पाहण्यासारखं आहे. शिबिराचं गाव ठरलं की सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना भेटावं लागतं. मुक्काम जिल्हा परिषदेच्या शाळेत असेल, तर मुख्याध्यापकांची परवानगी लागते. पन्नास मुलामुलींचा सात दिवसांचा शिधा काढायचा, तर तांदूळ किती, तेल किती, गॅसच्या टाक्या किती, दूध कुणाकडून, याचा हिशेब कागदावर मांडावा लागतो, आणि पैसे मोजकेच असतात. भोजन समिती, श्रमदान समिती, सांस्कृतिक समिती, अहवाल समिती असे गट पडतात. सकाळी वनराई बंधारा किंवा शोषखड्डे, दुपारी व्याख्यान, नंतर घरोघरी सर्वेक्षण, रात्री कार्यक्रम. दुसऱ्याच दिवशी कुणाचं तरी भांडण होतं. एक गट कामचुकारपणा करतो, दुसरा तक्रार करतो, आणि गटप्रमुख झालेल्या वीस वर्षांच्या मुलीला दोघांनाही दुखावल्याशिवाय काम पुढं न्यावं लागतं. आदल्या दिवशी ठरलेले पाहुणे ऐनवेळी येत नाहीत. वीज जाते. सर्वेक्षणाला गेलेल्या मुलांना एखादी आजी दारातूनच परतवते, ‘‘लई जण लिहून नेतात बाबा, पुढं काय होत नाही,’’ आणि तिच्याशी कसं बोलायचं ते तिथंच, उभ्याउभ्या शिकावं लागतं.

कंपन्या ज्याला व्यवस्थापन, संवाद, वेळेचं नियोजन, अडचणीतून मार्ग काढणं अशी मोठी नावं देतात, ते सगळं याच कामांत आहे. बँकेच्या ग्रामीण शाखेत कर्जवसुलीला जाणारा अधिकारी, बियाणं कंपनीचा विक्री प्रतिनिधी, आरोग्य खात्याचा क्षेत्रीय कर्मचारी आणि ग्रामपंचायत अधिकारी यांना रोज त्या आजीच्या दारात उभं राहावं लागतं. ज्यानं ते आधी केलेलं आहे, त्याचे पहिले सहा महिने सोपे जातात.

अट एकच. शिबिरात फोटोपुरतं उभं राहून काही हाती लागत नाही. अहवाल लिहायची, हिशेब ठेवायची किंवा कुणाची तरी जबाबदारी घ्यायची पाळी यायला हवी.

‘‘मार्कांचं काय?’’ हा पालकांचा पुढचा प्रश्न असतो, आणि तो रास्त आहे. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्र शासनानं २० एप्रिल २०२३ रोजी पदवी अभ्यासक्रमाचा जो आराखडा काढला, त्यात सहअभ्यासक्रम, क्षेत्रकार्य, समाजसहभाग आणि प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण यांना श्रेयांक आहेत. संलग्न महाविद्यालयांत हा आराखडा २०२४-२५ पासून लागू झाला. म्हणजे एनएसएस, एनसीसी, खेळ, सांस्कृतिक काम यांतलं काही ना काही आता गुणपत्रिकेतच येतं. कोणत्या सत्रात किती श्रेयांक, हे आपल्या कॉलेजच्या कार्यालयात विचारून घ्यावं.

जे घर स्पर्धा परीक्षेच्या तयारीत आहे, त्यानं तर हा विषय अधिक गांभीर्यानं घ्यायला हवा. केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा देणाऱ्या उमेदवाराकडून जो तपशीलवार अर्ज भरून घेतात, त्यात बक्षिसं, खेळ, एनसीसी, नेतृत्वाची पदं आणि छंद यांच्यासाठी स्वतंत्र रकाने असतात. मुलाखत २७५ गुणांची असते आणि मंडळासमोर हाच अर्ज ठेवलेला असतो. महाराष्ट्राच्या राज्यसेवेतही, नव्या वर्णनात्मक पद्धतीत मुख्य परीक्षा १७५० गुणांची आणि मुलाखत २७५ गुणांचीच आहे. अभ्यासिकेत चार वर्षं मान खाली घालून बसलेला मुलगा लेखी परीक्षेत तरतो आणि त्या अर्ध्या तासात अडखळतो, ही गोष्ट मराठवाड्यात अनेक घरांना ठाऊक आहे. ‘‘तुमच्या जिल्ह्यातली एक समस्या सांगा आणि तुम्ही काय केलं असतं ते सांगा,’’ असं विचारल्यावर ज्यानं गावात सर्वेक्षण केलं आहे, त्याला पाठांतराची गरज पडत नाही.

कलेचा विषय निघाला की घरातलं वातावरण जास्तच तापतं. ‘‘शिकायला पाठवलंय का नाचायला?’’ हा प्रश्न मुलींना अधिक वेळा ऐकावा लागतो.

हिंगोली, परभणी, नांदेड आणि लातूर हे चार जिल्हे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात येतात. हे विद्यापीठ १९९४ साली नांदेडला सुरू झालं. त्याच्या युवक महोत्सवात एकांकिका, मूकनाट्य, लोकनृत्य, वादविवाद, वक्तृत्व, रांगोळी, मातीकाम अशा कितीतरी स्पर्धा असतात. तिथून पुढे राज्यातल्या विद्यापीठांचा ‘इंद्रधनुष्य’ महोत्सव आणि भारतीय विद्यापीठ संघाच्या विभागीय, राष्ट्रीय फेऱ्या आहेत. पाच मिनिटांच्या मूकनाट्यासाठी महिनाभर तालीम लागते. ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त घेतलं तर गुण जातात, एक जण तालमीला आला नाही तर सगळे अडतात. पाचशे अनोळखी लोकांसमोर उभं राहून आवाज न कापता बोलता येणं, ही तर वकील, शिक्षक, विक्रेता, डॉक्टर, सरपंच, सगळ्यांच्या कामाची गोष्ट आहे.

जब्बार पटेल आणि मोहन आगाशे हे दोघंही पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. कॉलेजच्या वयात नाटक हाती धरलं म्हणून त्यांचं वैद्यकीय शिक्षण सुटलं नाही. पटेल बालरोगतज्ज्ञ झाले आणि त्यांनी दौंडला दवाखाना चालवला, आगाशे मनोविकारतज्ज्ञ झाले, आणि १९७२ साली रंगमंचावर आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’चं दिग्दर्शन एकानं केलं, त्यात नाना फडणवीस दुसऱ्यानं उभा केला. नागराज मंजुळे यांची गोष्ट अधिक जवळची आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरचा, वडार समाजातल्या कष्टकरी घरातला हा मुलगा अहमदनगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापन शिकत होता. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून करायचा लघुपट त्यानं असा केला, की त्या ‘पिस्तुल्या’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ नंतरचे. अहमदनगर काही चित्रपटसृष्टीचं केंद्र नव्हतं. पण तिथल्या कॉलेजात ते काम करून पाहायला वाव होता आणि विद्यार्थ्यानं तो पुरेपूर वापरला.

प्रत्येक मुलगा मंजुळे होणार नाही. व्हायची गरजही नाही. ज्याला अभिनय जमत नाही, त्यानं प्रकाशयोजना करावी, नेपथ्य करावं, महोत्सवाच्या प्रवासाची तिकिटं आणि पैशांचा हिशेब सांभाळावा. नोकरीच्या बाजारात हिशेब सांभाळणाऱ्यालाही तितकीच किंमत आहे.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी या भागात जी संधी आहे, ती पुण्या-मुंबईच्या मुलांना मिळणं अवघड. राज्यातल्या विद्यापीठांची ‘आविष्कार’ ही संशोधन स्पर्धा २००६ पासून भरते आणि तिच्यात पदवीच्या विद्यार्थ्यांचा वेगळा गट असतो. सुरुवात महाविद्यालय आणि जिल्हा पातळीवर होते. विषय शोधायला लांब जायची गरज नाही. हिंगोली जिल्हा हळदीचा. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे आणि वसमतलाच हळद संशोधन केंद्र उभं राहिलं आहे. हळद शिजवायला किती इंधन लागतं, वाळवताना तिच्यात ओलावा किती राहतो, वेगवेगळ्या शेतांतल्या हळदीत कुर्कुमिनचं प्रमाण का बदलतं, पॉलिश करताना उडणारी धूळ मजुरांच्या छातीत किती जाते, बाजार समितीतल्या भावाचा वर्षभराचा आलेख काय सांगतो : रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, वाणिज्य आणि अर्थशास्त्र, सगळ्यांना पुरतील एवढे प्रश्न घरच्या खळ्यात पडलेले आहेत. असा एक प्रकल्प वर्षभर नीट केला, तर एमएस्सीच्या मुलाखतीत, मसाला कंपनीच्या गुणवत्ता तपासणी विभागात किंवा शेतकरी उत्पादक कंपनीत बोलायला मुलाकडे स्वतःचे आकडे असतात.

आणि औंढा नागनाथ तालुक्यातच, जवळा बाजार ज्या तालुक्यात आहे त्याच तालुक्यात, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार आहे. या लहरी पहिल्यांदा पकडल्या गेल्या त्या १४ सप्टेंबर २०१५ रोजी, अमेरिकेतल्या दोन लायगो यंत्रांवर. फेब्रुवारी २०१६ मध्ये भारतातल्या प्रकल्पाला तत्त्वतः मान्यता मिळाली आणि एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात पसरलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीत अणुकेंद्रापेक्षाही सूक्ष्म फरक पडला तरी तो मोजणारं लेसर यंत्र. जगभरातले भौतिकशास्त्रज्ञ ज्या जागेकडे डोळे लावून बसलेत, ती इथल्या मुलांच्या एसटीच्या टप्प्यात आहे. कॉलेजच्या विज्ञान मंडळानं २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला या विषयावर व्याख्यान ठेवावं, प्रकल्पात भाग घेणाऱ्या पुण्याच्या आयुका संस्थेला पत्र लिहावं, मुलांनी मायकेल्सनच्या व्यतिकरणमापीची प्रतिकृती करून शाळाशाळांतून दाखवावी. पत्र लिहिणं, वक्त्याची येण्याजाण्याची सोय करणं, प्रश्न विचारण्याची हिंमत करणं, ही बीएस्सीच्या मुलासाठी संशोधनाच्या जगाची पहिली ओळख आहे.

मुलींच्या पालकांची काळजी वेगळी आहे आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. तालीम संपायला उशीर होतो, शेवटची बस निघून जाते, शिबिर परगावी असतं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं भाडं झालं, त्यानं पैशाचा प्रश्न हलका केला. वेळेचा प्रश्न उरलाच. यावर उपाय आहेत आणि ते मागून घ्यावे लागतात. शिबिरात महिला प्राध्यापक मुक्कामी असणार का, मुलींची राहण्याची जागा वेगळी आहे का, तालीम दुपारी ठेवता येईल का, हे पालकांनी प्राचार्यांना भेटून विचारावं. एकाच गावच्या चार-पाच मुली मिळून जात असतील तर चार-पाच घरांनी मिळून विचारावं. कॉलेजला त्याचं उत्तर द्यावंच लागतं. काळजीपोटी नाही म्हणणं सगळ्यात सोपं. पण पदवीनंतर परभणीच्या किंवा पुण्याच्या कार्यालयात तिला एकटीनंच उभं राहायचं आहे, आणि त्याचा सराव आपल्या माणसांच्या नजरेच्या टप्प्यात होणं अधिक सुरक्षित आहे.

घरची परिस्थिती बिकट असलेल्या मुलांना ‘उपक्रम’ हा शब्दच परका वाटतो. सोयाबीन काढणीच्या वेळी जो कॉलेजला येऊ शकत नाही, त्यानं तालमीला कसं यायचं? इथं कर्मवीर भाऊराव पाटील आठवतात. १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू करणाऱ्या या माणसानं ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग महाराष्ट्राला दिला. त्यांच्या बोर्डिंगात श्रम करून शिकलेले पी. जी. पाटील पुढे बॅरिस्टर झाले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही. आज अनेक विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत या नावाची योजना आहे. ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत काम करून विद्यार्थ्याला तासाप्रमाणे पैसे मिळतात. शिवाय जो मुलगा बाजाराच्या दिवशी अडत्याकडे पावत्या लिहितो, जी मुलगी बचत गटाचं पुस्तक सांभाळते, त्यांनी तो अनुभव लपवू नये. बायोडेटात त्याला मानानं जागा द्यावी.

या सगळ्याला एक मर्यादाही आहे. जवळच्याच कुरुंद्यात १९३२ साली जन्मलेले नरहर कुरुंदकर यांची इंटरची परीक्षा अनेकदा हुकली. त्या काळात ते वाचत होते, वाद घालत होते, भाषणं करत होते, आणि पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य आणि महाराष्ट्राचे मोठे विचारवंत झाले. त्यांचं उदाहरण देऊन नापास होण्याचं समर्थन करणारी मुलं भेटतात. कुरुंदकरांचं वाचन किती होतं, ते त्या मुलांनी आधी पाहावं. ज्याचे दोन विषय मागे राहिले आहेत, त्यानं त्या सत्रात एकही नवी जबाबदारी घेऊ नये. वाढदिवसाचे फलक लावायला, मोर्च्याला गर्दी करायला मुलांना नेणारी मंडळीही कॉलेजच्या फाटकाशी उभी असतात. त्यात दिवस जातात आणि हाती काही येत नाही. प्रमाणपत्रांची जाड फाइल करण्याचा सोसही तसाच. बारा स्पर्धांत एकेकदा भाग घेतलेल्या मुलापेक्षा एकाच कामात तीन वर्षं टिकून स्वयंसेवकाचा गटप्रमुख झालेला मुलगा मुलाखत घेणाऱ्याला जास्त खात्रीचा वाटतो.

पालकांनी घरी एक सवय लावावी. आठवड्यातून एकदा मुलाला विचारावं, ‘‘कॉलेजात या आठवड्यात काय केलंस?’’ टक्केवारी सोडून. पहिल्या महिन्यात उत्तर येणार नाही. तेव्हा प्राध्यापकांना भेटावं आणि एनएसएस, वाङ्मय मंडळ, क्रीडा विभाग, विज्ञान मंडळ कोण पाहतं ते विचारून घ्यावं. प्राध्यापकांनाही विचारणारा पालक क्वचितच भेटतो.

वेळेचं मात्र भान हवं. एनएसएसची नोंदणी सत्राच्या सुरुवातीच्या आठवड्यांत होते. एनसीसीत ‘बी’ प्रमाणपत्राला दोन आणि ‘सी’ प्रमाणपत्राला तीन वर्षं लागतात. हे ‘सी’ प्रमाणपत्र किमान ‘बी’ श्रेणीत मिळवलेल्या आणि पदवीला ५० टक्के गुण असलेल्या उमेदवाराला सैन्याच्या एनसीसी विशेष प्रवेशातून लेखी परीक्षेशिवाय थेट निवड मंडळाच्या मुलाखतीला जाता येतं. एनसीसीचं एकक सगळ्या महाविद्यालयांत नसतं, म्हणून प्रवेश घेण्यापूर्वीच त्याची चौकशी करावी. तीन वर्षांच्या पदवीत दुसऱ्या वर्षी जाग येणाऱ्या विद्यार्थ्याला त्या मुदतीत ‘सी’ प्रमाणपत्र मिळत नाही.